दुसरा चौकोन : इटलीतल्या शाळांमधला धर्माचा तास आणि तो न घेणारी मुलं

इटलीत जानेवारी आला की शाळाप्रवेशाची धावपळ सुरू होते. नाव, पत्ता, शाळेची वेळ, जेवणाची सोय असं एकेक भरत पालक एका छोट्याशा प्रश्नापाशी येतात. मुलाला कॅथलिक धर्माचं शिक्षण घ्यायचं आहे का? समोर दोन चौकोन असतात. एक ‘घेणार’, दुसरा ‘घेणार नाही’. प्राथमिक शाळेत आठवड्याला दोन तास आणि पुढे माध्यमिकपासून एक तास, एवढाच हा विषय. बहुसंख्य पालक आजही पहिल्या चौकोनावर खूण करून पुढे जातात.

हे प्रकरण दुसऱ्या चौकोनाचं आहे. तिथं खूण करायला क्षणभर पुरतो. पण खूण केल्यावर त्या तासाला मुलानं बसायचं कुठं, कुणाजवळ आणि करायचं काय, या साध्या प्रश्नासाठी देशाच्या संवैधानिक न्यायालयाला दोनदा निकाल द्यावा लागला. तरीही तो पुरता सुटला नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या सगळ्यात खरा कस लागला तो शाळेच्या वेळापत्रकाचा. घटनेनं दिलेलं स्वातंत्र्य मुलापर्यंत पोचतं की नाही, ते वेळापत्रकाच्या त्या एका रकान्यात कळतं.

सूट आणि निवड

मुळात हा तास आला कुठून? १९२३ साली जोव्हान्नी जेंतिले शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांत धर्म हा विषय सक्तीचा झाला. मग ११ फेब्रुवारी १९२९ रोजी इटलीतर्फे मुसोलिनी आणि पोपतर्फे कार्डिनल पिएत्रो गास्पार्री यांनी राज्य आणि चर्च यांच्यातल्या लॅटेरन करारांवर सह्या केल्या. त्यातल्या ३६व्या कलमानं कॅथलिक परंपरेतल्या ख्रिस्ती शिकवणुकीला साऱ्या सार्वजनिक शिक्षणाचा पाया आणि कळस ठरवलं, आणि तास माध्यमिक शाळांतही गेला. ज्यांना तो नको असेल त्यांनी सूट मागायची.

‘सूट’ या शब्दापाशी जरा थांबावंसं वाटतं. सूट मागणारा माणूस नियम मान्य करून, हात जोडून, त्यातून बाहेर पडायची परवानगी मागत असतो. नियम सगळ्यांचा आणि तो एकटा अपवाद. ज्यू, प्रोटेस्टंट किंवा कुठलाच धर्म न मानणाऱ्या घरातल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या अशा अपवाद म्हणून शाळेत वाढल्या. १९४८ ची राज्यघटना आली तेव्हा तिच्या ३ऱ्या कलमानं समानता दिली, १९व्या कलमानं धर्मस्वातंत्र्य दिलं आणि ७व्या कलमानं तेच लॅटेरन करार कायम ठेवले. तिन्ही गोष्टी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी बसल्या, आणि शाळेत सूट चालूच राहिली.

१८ फेब्रुवारी १९८४ रोजी रोममधल्या व्हिला मादामामध्ये पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी आणि व्हॅटिकनचे कार्डिनल अगोस्तिनो काझारोली यांनी सुधारित करार केला. कॅथलिक धर्म हा राज्याचा एकमेव धर्म आहे हे तत्त्व आता लागू नाही, असं सोबतच्या जोडपत्रात लिहिलं गेलं. शाळेचा विषय ९व्या कलमात आला. धार्मिक संस्कृतीचं मोल प्रजासत्ताक मानतं, कॅथलिक धर्माची तत्त्वं इटालियन जनतेच्या ऐतिहासिक वारशाचा भाग आहेत, म्हणून सरकारी शाळांत हे शिक्षण पुढेही मिळेल. पण ते घ्यायचं की नाही हे प्रत्येकानं ठरवावं, आणि या निवडीमुळे कुणाच्याही वाट्याला कसलाही भेदभाव येऊ नये.

म्हणजे सूट गेली आणि निवड आली. आता ‘घेतो’ म्हणणाऱ्यालाही तोंडानं सांगावं लागणार होतं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही. १९८५ च्या मार्चमध्ये याचा कायदा झाला. डिसेंबरमध्ये शिक्षणमंत्री फ्रांका फाल्कुच्ची आणि बिशप परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल उगो पोलेत्ती यांनी तपशील ठरवले. १९८६ च्या कायद्यानं उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना स्वतःच सही करण्याचा हक्क दिला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानं धर्माबद्दल स्वतःच्या नावानं निर्णय घ्यावा, हे मला या प्रकरणातलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं.

या मोठ्या करारानंतर तीनच दिवसांनी, २१ फेब्रुवारी १९८४ रोजी, राज्यानं आणखी एक करार केला. त्याची चर्चा कमी होते. तो वाल्डेन्सियन चर्चबरोबर होता. वायव्य इटलीतल्या पीएमाँतच्या डोंगरदऱ्यांत राहणारा हा समाज. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लिओं शहरात होऊन गेलेल्या वाल्डो नावाच्या माणसापासून त्याची परंपरा सुरू होते, आणि १५३२ मध्ये तो प्रोटेस्टंट सुधारणेत सामील झाला. त्यांना नागरी हक्क मिळाले ते थेट १७ फेब्रुवारी १८४८ रोजी. त्याच्या आदल्या रात्री ते लोक आजही डोंगरांवर होळ्या पेटवतात. त्यांच्या करारातलं शाळेविषयीचं कलम वाचताना मी थबकले. ‘नाही’ म्हणणारी मुलं ज्या वर्गात असतील तिथं धर्माचं शिक्षण दुसऱ्या विषयांच्या तासांत शिरता कामा नये, आणि या मुलांवर भेदभावाचा परिणाम होईल अशा वेळेला ठेवलं जाता कामा नये, असं त्यात म्हटलं आहे. वेळेला! शतकानुशतकं मूठभर म्हणून जगलेल्या माणसांनी पहिली काळजी केली ती तास कधी लागतो याची. अन्याय कुठून आत येतो ते त्यांना ठाऊक होतं.

फ्लॉरेन्सची तक्रार

नवी पद्धत १९८६-८७ च्या शालेय वर्षापासून सुरू झाली आणि लगेच पेच उभा राहिला. मंत्रालयाचं धोरण असं होतं की धर्माचा तास न घेणाऱ्या मुलांनी त्या वेळेत पर्यायी उपक्रमाला बसायचं. त्यामागचं कारण पोकळ नव्हतं. सगळ्यांचे शाळेचे तास सारखे असावेत, एकानं शिकावं आणि दुसऱ्यानं हिंडावं असं होऊ नये, असा तो विचार होता. मीही शाळेची मुख्याध्यापक असते तर पहिल्यांदा हेच मनात आलं असतं.

फ्लॉरेन्समधल्या काही पालकांना यात वेगळंच दिसलं आणि ते न्यायाधीशाकडे गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. करार म्हणतो की धर्माचा तास घेणं ऐच्छिक आहे. मग तो न घेतल्याबद्दल आमच्या मुलांवर दुसरा तास सक्तीचा का? ऐच्छिक गोष्ट नाकारली की बदल्यात काहीतरी भरावं लागत असेल, तर तो दंड झाला. फ्लॉरेन्सच्या न्यायाधीशालाही शंका आली आणि त्यानं प्रश्न संवैधानिक न्यायालयाकडे पाठवला. तोवर दुसऱ्या बाजूला प्रशासकीय न्यायालयांत उलटसुलट चाललं होतं. १९८७ मध्ये लाझिओच्या, म्हणजे रोमच्या प्रदेशाच्या, प्रशासकीय न्यायाधिकरणानं पर्यायी तास सक्तीचा नाही म्हटलं, आणि ऑगस्ट १९८८ मध्ये राज्य परिषदेनं, म्हणजे वरच्या प्रशासकीय न्यायालयानं, ते फिरवून सक्तीचा आहे म्हटलं.

एप्रिल १९८९ मध्ये संवैधानिक न्यायालयाचा २०३ क्रमांकाचा निकाल आला. तो लिहिला होता न्यायमूर्ती फ्रान्चेस्को पाओलो काझाव्होला यांनी. इटलीच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला हा क्रमांक आजही तोंडपाठ असतो, कारण राज्याची धर्मनिरपेक्षता हे घटनेचं सर्वोच्च तत्त्व असल्याचं न्यायालयानं इथं पहिल्यांदा सांगितलं. त्याचा अर्थही निकालातच उलगडला आहे. धर्माकडे पाठ फिरवणं राज्याकडून अपेक्षित नाही. अनेक धर्म आणि अनेक विचार एकत्र नांदत असताना प्रत्येकाचं धर्मस्वातंत्र्य राखण्याची हमी राज्यानं द्यायची आहे.

पण मला निकालाचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. न्यायालयानं कराराचं कलम रद्द केलं नाही, त्याचा अर्थ लावून दिला. मूल ‘घेणार’ म्हणालं की मगच त्या तासाला हजर राहण्याचं बंधन निर्माण होतं. ‘नाही’ म्हणालं तर त्याच्यासाठी बंधन नसल्याची स्थिती असते. आणि या ‘नाही’समोर दुसरा सक्तीचा विषय उभा केला, तर माणूस आपल्या मनाला जो प्रश्न विचारतो त्यात बाहेरचं वजन पडतं.

वर्गातल्या मुलाच्या जागी बसून हे पाहावं. ‘तुला हा धर्म शिकायचा आहे का?’ हा प्रश्न मनाशी बोलायचा आहे. त्याचा ‘तुला धर्म शिकायचा आहे की जास्तीचा आणखी एक विषय?’ असा प्रश्न झाला की मूल सोपा तास कुठला, मित्र कुठं आहेत, अभ्यास कुठं कमी, असा विचार करायला लागतं. धर्म बाजूलाच राहतो. न्यायालयाला ही सरमिसळ थांबवायची होती. मला ते पटतं. श्रद्धाळू घरांच्या दृष्टीनंही ते बरोबर आहे, कारण सोय म्हणून घेतलेल्या धर्माच्या तासाला त्या धर्माच्या बाजूनंही फारसा अर्थ उरत नाही.

मग लगेच पुढचा प्रश्न आला. बंधन नाही म्हणजे मूल घरी जाऊ शकतं का? जानेवारी १९९१ च्या १३ क्रमांकाच्या निकालानं सांगितलं की हो, शाळेबाहेर जाण्याचीही मोकळीक आहे. मात्र धर्माचा तास नेहमीच्या वेळापत्रकात मधोमध असणं हा आपोआप भेदभाव ठरत नाही, असंही त्याच निकालात आहे. तेव्हापासून न घेणाऱ्यांपुढे चार वाटा आहेत. शिक्षकासह पर्यायी उपक्रम, शिक्षकाच्या देखरेखीखाली अभ्यास, देखरेखीविना स्वतःचा अभ्यास, किंवा शाळेबाहेर जाणं.

कॉरिडॉरमधली खुर्ची

आता हे चार पर्याय प्रत्यक्ष शाळेत उतरवून पाहू. इटलीतल्या शाळेत साधारणपणे मुलं आपल्या वर्गात बसून असतात आणि शिक्षक बदलतात. घंटा होते, गणिताच्या बाई जातात, धर्माच्या बाई येतात. तेवीस मुलं वही काढतात. चोविसावं मूल, समजा आठ वर्षांची एक मुलगी, दप्तर उचलून दाराकडे निघते. वर्ग तिचाही आहे, बाकही तिचंच आहे, पण या तासाला बाहेर जाणारी ती एकटी. बाई प्रेमळ असल्या तरी सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतातच.

ती कुठं जाते? पर्यायी उपक्रमाला शिक्षक नेमलेला असेल तर छानच. नसेल तर तिला शेजारच्या वर्गात मागच्या बाकावर बसवतात, तिथं तिला न कळणारा धडा चाललेला असतो. नाहीतर कॉरिडॉरमध्ये शाळेच्या सेविकेच्या टेबलाजवळ खुर्ची असते, तिथं ती चित्र रंगवत बसते. चौथी वाट, शाळेबाहेर जाण्याची, तिच्या काही कामाची नाही. सकाळी अकराला तिला घरी न्यायला आई-बाबा कामावरून कसे येणार?

न्यायालयानं दिलेली ‘बंधन नसलेली स्थिती’ आठ वर्षांच्या मुलीसाठी अशी ‘जागा नसलेली स्थिती’ होऊन बसते. तिला तर नावही नकारातूनच मिळालेलं आहे. शाळेच्या कागदोपत्री अशा मुलांना ‘न घेणारे’ म्हणतात.

उत्तर इटलीतल्या पादोव्हा शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत पर्यायी उपक्रम दिलाच गेला नाही, तेव्हा पालकांनी दावा केला, आणि जुलै २०१० मध्ये तिथल्या न्यायालयानं हा भेदभाव असल्याचं म्हटलं. त्याच वर्षी मे महिन्यात राज्य परिषदेचा निकाल आला होता. तो वाद खरं तर वेगळाच होता, धर्माच्या शिक्षकानं उच्च माध्यमिकच्या श्रेयांक ठरवण्यात भाग घ्यावा की नाही याचा. लाझिओच्या न्यायाधिकरणानं २००९ मध्ये नाही म्हटलं होतं, राज्य परिषदेनं हो म्हटलं. पण त्याच निकालात तिनं हेही बजावलं की पर्यायी उपक्रम घेणं मुलांच्या मर्जीवर असलं तरी तो देणं हे शाळेचं कर्तव्य आहे. मार्च २०११ मध्ये अर्थखात्यानं या तासांच्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होईल असं स्पष्ट केलं. म्हणजे तोवर ‘पैसे नाहीत’ हे उत्तर किती शाळांत दिलं गेलं असेल, याचा अंदाज करावा.

मोठ्या मुलांच्या बाबतीत चित्र उलटं होतं. सोळा वर्षांच्या मुलाचा धर्माचा तास पहिला किंवा शेवटचा लागला, तर ‘नाही’ म्हणणं म्हणजे तासभर उशिरा येणं किंवा लवकर सुटणं. उत्तरेकडच्या मोठ्या शहरांत, विशेषतः तांत्रिक आणि व्यवसाय शाळांत, न घेणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त आहे आणि त्यांतले अनेक सरळ शाळेबाहेर जातात. धर्माच्या प्रश्नावर सोयीचं वजन पडू नये म्हणून न्यायालयानं सक्तीचा तास काढला. आता तेच वजन दुसऱ्या पारड्यात, झोपेच्या रूपानं पडतं. यामुळे निकाल चुकीचा ठरत नाही. पण निकालानं उघडून दिलेल्या जागेत शाळेनं काही चांगलं मांडलंच नाही, तर ती मोकळी जागा स्वतःच एक आमिष होते, हे मान्य करायला हवं.

तासाला उभी असलेली बाई

या प्रकरणात धर्माच्या शिक्षकांकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. त्यांना पगार राज्य देतं, पण शिकवायला पात्र असल्याची मान्यता धर्मप्रांताचा बिशप देतो, आणि ती तो काढूनही घेऊ शकतो. त्यांचा अभ्यासक्रम ठरतो तो राज्य आणि बिशप परिषद यांच्या सहमतीनं. ते गुण देत नाहीत. गुणपत्रिकेला वेगळी चिठ्ठी जोडून त्यावर शेरा लिहितात. वर्षअखेरीच्या शिक्षकसभेत मुलाला वर चढवायचं की नाही यावर त्यांचं मत निर्णायक ठरत असेल, तर ते मत कारणांसह नोंदलेलं निवेदन बनतं.

२००३ च्या कायद्यानं त्यांना कायम नोकरीची दारं उघडली, तीही ७० टक्के जागांपुरती. पहिली स्पर्धा परीक्षा २००४ मध्ये झाली. पुढची जाहीर व्हायला २०२४ उजाडलं. मधली वीस वर्षं असंख्य शिक्षक दर सप्टेंबरला नवं कंत्राट घेऊन त्याच वर्गात उभे राहिले. १३ जानेवारी २०२२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं की बिशपची मान्यता लागते एवढ्या कारणावर मुदतीच्या कंत्राटांची अशी साखळी चालवता येत नाही. मुलांना स्थैर्य, नीती, विश्वास यांबद्दल सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या पुढच्या वर्षाचा भरवसा नसावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हा तास वाया जाणारा नसतो. चर्चच्या धर्मशिकवणीपेक्षा शाळेतला विषय वेगळा आहे, असं व्हॅटिकनच्या कॅथलिक शिक्षण विभागानंही २००९ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. एकीचा हेतू श्रद्धेत वाढ, दुसऱ्याचा हेतू ज्ञान. पादोव्हातल्याच स्क्रोव्हेन्यी चॅपलच्या भिंतींवर चित्रकार जोत्तोनं चौदाव्या शतकाच्या आरंभी रंगवलेली चित्रं आहेत. त्यातला पिवळा अंगरखा पांघरून येशूला मिठी मारणारा माणूस कोण, आजूबाजूला मशाली का पेटल्या आहेत, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आपल्याच गावाची भिंत मुकी राहते. कॉरिडॉरमधली मुलगी हेही गमावते. श्रद्धेशिवाय हे समजून घेण्याचा हक्क तिलाही असायला हवा होता, आणि दुसरा चौकोन भरताना तिच्या पालकांनी यावर काट मारलेली नव्हती.

चर्चने चालवलेल्या शाळांत हा पेच एवढा तीव्र होत नाही. २००० साली ६२ क्रमांकाच्या कायद्यानं खासगी शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीचा दर्जा मिळवता आला. अशा शाळेला आपलं धार्मिक शैक्षणिक धोरण उघड मांडता येतं आणि पालक ते वाचूनच येतात. पण ते धोरण मान्य करून येणाऱ्या कुणालाही तिनं प्रवेश नाकारायचा नाही, आणि एखाद्या धर्माचं अनुयायित्व गृहीत धरणारे अभ्यासक्रमाबाहेरचे उपक्रम सक्तीचे करायचे नाहीत. पालकांना शाळाच निवडता येते तिथं तासाचं ओझं हलकं होतं. सरकारी शाळेत गावातली सगळी मुलं येतात, म्हणून तिथं ते जड.

जूनमधला अर्ज

वर चार वाटा सांगितल्या, त्या निवडण्याचा अर्ज वेगळा असतो. धर्माचा तास घ्यायचा की नाही हे जानेवारीत विचारायचं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला ‘मग काय करणार?’ हे शाळा सुरू झाल्यावर विचारायचं, अशी कित्येक वर्षांची रीत होती. कारकुनी वाटणारी ही गोष्टच मुळाशी होती. धर्माच्या बाईंची नेमणूक उन्हाळ्यातच ठरलेली, त्या पहिल्या आठवड्यापासून वर्गात हजर. पर्यायी उपक्रमाला किती मुलं हे शाळेला सप्टेंबरात कळणार, मग शिक्षक शोधणार, मग तास लावणार. तोवर शरद ऋतू उलटून जायचा आणि मुलगी खुर्चीवरच असायची.

२०२० मध्ये लाझिओच्या प्रशासकीय न्यायाधिकरणानं या उशिरावर बोट ठेवलं. त्यानंतर मंत्रालयानं हा दुसरा अर्ज अलीकडे ओढला. आता तो मेच्या अखेरीपासून ३० जूनपर्यंत ऑनलाइन भरायचा असतो, म्हणजे शाळेला शिक्षक शोधायला पूर्ण उन्हाळा मिळतो. १९८४ साली वाल्डेन्सियन लोकांनी वेळेबद्दल जे कलम लिहून घेतलं होतं, त्याच्या जवळ जाणारं हे पाऊल पडायला छत्तीस वर्षं गेली. प्रवेशाचा पहिला अर्ज मात्र अजून जानेवारीतच भरला जातो, आणि ‘घेणार नाही’वर खूण करताना त्या मुलीच्या आईला त्या तासाला कोण शिकवेल हे अजूनही माहीत नसतं.